अंबूआत्याचं तीर्थ

“संडास घराच्या कुठल्या बाजूला आहे, ते आधी सांगा,” वैजयंती म्हणाली.

मसूरच्या एसटी स्टँडवरून अंबूआत्याच्या घराकडे आम्ही दोघं चालत निघालो होतो. लग्न आठवड्यावर आलं होतं आणि तोवरची आमची बोलणी हवा, तिची शाळा आणि मांडवाचा रंग यांच्यापलीकडे गेली नव्हती. भावी बायकोनं मला मोकळेपणानं विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“परसात. विहिरीच्या पलीकडे,” मी म्हणालो.

“म्हणजे जाता-येता स्वयंपाकघरातून दिसणार.”

“दिसणार.”

“मग कठीण आहे,” ती म्हणाली आणि उन्हासाठी उघडलेली छत्री तिनं माझ्याही डोक्यावर धरली.

कठीण होतंच. कालपासून माझं पोट चाललं होतं. त्याचं मूळ वैजयंतीच्या मामांच्या एका वाक्यात होतं. लग्न ठरलं त्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “मुलगा गुणाचा आहे, पण वारं सुटलं तर कुणीतरी धरून ठेवा.” सगळे हसले, मीही हसलो. आमच्या नातेवाइकांनी मात्र ते मनावर घेतलं. लग्नाआधी वराला घरोघर जेवायला बोलवायचं, ही आपली केळवणाची चाल. आमच्याकडे तिची मोहीम झाली. कऱ्हाडच्या काकांकडे श्रीखंड, उंब्रजच्या मावशीकडे बासुंदी, ओगलेवाडीच्या वहिनीकडे गुलाबजाम, आणि ‘नको’ म्हटलं की “लाजतोय मेला” म्हणून आणखी दोन. महिनाभर मी असा चरत होतो आणि महिनाभरात माझी पँट चार बोटं सैल झाली. शिंप्यानं सुटाचं माप दुसऱ्यांदा आत घेतलं तेव्हा त्यानं घसा खाकरून विचारलं, “लग्न मनाविरुद्ध तर नाही ना?”

“मग आज येत नाही म्हणून निरोप द्यायचा,” वैजयंती म्हणाली.

“अंबूआत्याला?”

“आत्यालाच. माणूसच आहे ना ती?”

तिला आत्या ठाऊक नव्हती. मी दोन वर्षांचा असताना माझी आई गेली. अप्पांची नोकरी फिरतीची. त्यांच्या या थोरल्या बहिणीनं मला उचलून मसूरला आणलं आणि मॅट्रिक होईपर्यंत सांभाळलं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, शांत माणूस. घरात बोलायचं काम आत्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, अशी वाटणी होती. आत्याचा जीव माझ्यावर होता आणि तो जीव ती वाटीनं वाढायची. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावानं तिच्याकडच्या केळवणात अर्धी पुरणपोळी पानात टाकली होती. आत्या अवाक्षर बोलली नाही. लग्नाला मात्र गुडघे दुखतात म्हणून आली नाही, आणि त्याच दिवशी ती सज्जनगडाच्या पायऱ्या चढून देवदर्शन करून आली. ही बातमी तिनं स्वतःच सगळीकडे पोचवली.

त्यामुळे सकाळी निघताना अप्पांनी मला बजावलं होतं, “रंगा, बोहल्यावर तुझ्यामागे आईच्या जागी ती उभी राहायची आहे. काय वाटेल ते कर, पण पान स्वच्छ कर.” अप्पांनी सांगायची गरज नव्हती. आत्या नसेल तर त्या मांडवात माझं कोण असणार, हे मलाही कळत होतं.

आत्या दारातच उभी होती. तिनं आम्हा दोघांवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मग माझा दंड चिमटीत धरून पाहिला आणि चिमटीत काही येईना तेव्हा तिचा चेहरा उतरला.

“हे काय रे रंगा? लग्न ठरलं की माणूस भरतो. तू तर आणखी वाळलास!”

समोरच्या ओट्यावर भागीरथीकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून हाळी दिली, “पोरगा तसाच राहिला गं अंबू, काडीच्या काडी!”

आत्यानं आम्हाला आत घेतलं आणि भर दुपारी समोरचं दार लावून टाकलं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आत पाट मांडलेले, भोवती रांगोळी, केळीची पानं, उदबत्तीचा वास आणि त्यावर पुरणाचा आणि साजूक तुपाचा वास. एरवी या वासानं मला भूक लागायची. आज माझ्या पोटातून असा आवाज आला की वैजयंतीनं खोकून तो झाकायचा प्रयत्न केला.

“आलोच,” असं म्हणून मी परसाकडे निघालो.

परत आलो तर आत्या हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. “कुठं गेला होतास?”

“विहीर बघायला.”

“जन्मभर बघितलीस ती विहीर.”

“पाणी किती आहे ते बघत होतो.”

पानावर बसलो. कटाची आमटी, अळूची भाजी, कुरडई, भजी, आणि एक पोळी पानभर पसरलेली. तिच्यावर आत्यानं तूप सोडलं ते धार धरूनच सोडलं. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला पोटानं अल्टिमेटम दिला. मी उठलो.

“विहीर,” एवढंच म्हणालो आणि धावलो.

परत आलो तेव्हा आतोबा आमटीत मान घालून बसले होते आणि आत्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. “त्या विहिरीत पडलंय तरी काय?”

“आत्या, त्यांचं पोट चाललंय,” वैजयंती म्हणाली. “कालपासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते सांगत नव्हते.”

मी पाताळात जाऊ का म्हणून जमीन बघत होतो. आत्या मात्र लगेच सावरली. आजारी माणूस दिसला की तिला हुरूप यायचा. “मग आधी नाही का सांगायचं? सोप्पं आहे.” तिनं माझ्यापुढचं पाण्याचं फुलपात्र उचलून घेतलं. “पाणी बंद! पोट वाहतंय म्हणजे आत पाणी जास्त झालंय. वरून ओतलं तर आणखी वाहील. आणि रिकाम्या पोटाला आधार पाहिजे. ती पोळी खा तुपाशी, म्हणजे आतून थर बसेल.”

“नाही,” वैजयंती म्हणाली.

त्या घरात हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. आतोबांनी घास हातातच ठेवला.

“पाणी बंद केलं तर ते मांडवापर्यंत उभे राहणार नाहीत,” वैजयंती पुढे म्हणाली. ती सातारच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची आणि घाबरली की ती वर्गात असल्यासारखी बोलायची, हे मला पुढे कळलं. “आपण खातो त्यातलं सत्त्व लहान आतडं उचलून रक्तात देतं. पाणीही बरंचसं तेच उचलतं. उरलेलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं. आत्ता दोन्हीही दमलीत. अशात तूप आणि पुरण टाकलं तर...”

“हे तू शाळेत सांग हो,” आत्या म्हणाली. “आळीतली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आहेत. मला कुणी आतडी शिकवायची नाहीत. रंगा, तू खाणार आहेस की नाही?”

मी पोळीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, वैजयंतीकडे पाहिलं.  खाल्लं तर काय होईल ते पोट सांगत होतं आणि नाही खाल्लं तर काय होईल ते सज्जनगडाच्या पायऱ्या सांगत होत्या.

“बरं,” आत्या म्हणाली. “माझे गुडघे हल्ली फार दुखतात. प्रवास झेपत नाही.” आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

 मी पोळीचा तुकडा मोडला. वैजयंतीनं माझं मनगट धरलं, लग्नाआधी, आतोबांसमोर, आणि तुकडा पानात ठेवायला लावला. मग ती उठली. कोपऱ्यातल्या स्टुलावर आत्यानं आहेर मांडून ठेवला होता. माझ्यासाठी टॉवेल-टोपी आणि तिच्यासाठी हिरवं नऊवारी लुगडं. वैजयंतीनं लुगडं उचललं आणि फर्रकन उलगडलं.

“अगं अगं अगं!” आत्या आतून धावत आली. “कुंकू लावल्याशिवाय आहेराला हात लावतात का? कुठली रीत ही?”

“आत्या, फक्त एवढं बघा. हे नऊ वार. यातलं सात वार धरा.” लुगड्याचा पदर माजघरातून निघून देवघरापर्यंत गेला होता. “एवढं लहान आतडं तुमच्या भाच्याच्या पोटात आहे.”

आत्यानं माझ्या पोटाकडे बघितलं. तिथं एक हातरुमाल मावेल की नाही अशी शंका तिच्या चेहऱ्यावर दिसली. “याच्या?”

“यांच्याच. निऱ्या घालून बसवलेलं.” वैजयंतीनं झरझर निऱ्या घातल्या आणि लुगडं ओंजळीएवढं करून दाखवलं. आत्या रीत विसरून बघायला लागली होती. निऱ्या चांगल्या घातल्या होत्या, आणि ते तिच्या नजरेतून सुटणारं नव्हतं.

“आणि आतून ते असं असतं.” आता वैजयंतीनं टॉवेल घेतला. चांगला जाडजूड, दाट धाग्यांचा. “हे बारीक बारीक धागे उभे आहेत ना, तशी आतड्याला आतून टोकं असतात. तीच सगळं शोषून घेतात. आता मी यावर पाणी घालते, बघा कसं पितो.”

तिनं टॉवेल परातीत पसरला आणि फुलपात्रातलं पाणी त्यावर ओतलं. पाण्याचे गोल गोल थेंब झाले, टॉवेलवरून घरंगळले आणि परातीत जाऊन बसले. टॉवेल कोरडाच्या कोरडा. नवाकोरा, खळ असलेला टॉवेल पाणी पीत नाही, हे प्रत्येक बाईला माहीत असतं. शास्त्र शिकवणारीला त्या गडबडीत आठवलं नाही.

“बघ!” आत्याचा आवाज वाड्यावस्तीला ऐकू जाईल असा चढला. “बघ, तुझ्याच हातानं दाखवलंस! नाही ना पीत? मग पाणी बंद!”

वैजयंतीचं तोंड एवढंसं झालं. ती परातीकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. आता मी पोळी खाणार, लग्नाआधी मरणार आणि आत्या माझ्या तेराव्याला जेवायला वाढणार.

मग वैजयंती हळूच म्हणाली, “नाही आत्या. तुमचं बरोबर आहे. आत्ता त्यांचं आतडं या कोऱ्या टॉवेलसारखंच झालंय. नुसतं पाणी घातलं तर घसरूनच जातं. आजारात ते नुसतं पाणी नीट धरत नाही. पण साखर आणि मीठ बरोबर दिलं, तर ती दोघं आत जाताना पाण्याला हात धरून नेतात. म्हणून मी साखर-मिठाचं पाणी म्हणते.”

आपलं बरोबर आहे असं कुणी म्हटलं की आत्याची पंचाईत व्हायची. भांडायला काही उरत नसे.

तेवढ्यात आतोबा उठले. हात धुऊन ते परसात गेले आणि दोरीवरचा आपला जुना टॉवेल घेऊन आले. धुऊन धुऊन त्याचा रंग कुठला होता हेही सांगता आलं नसतं. तो त्यांनी परातीत ठेवला आणि त्या दिवशीचं त्यांचं एकमेव वाक्य बोलले. “यावर घाल.”

वैजयंतीनं आख्खा तांब्या एकदम उपडा केला. टॉवेल भिजला, पण निम्मं पाणी परातीतून उतू जाऊन रांगोळीपर्यंत गेलं. मग तिनं टॉवेल पिळला, पुन्हा पसरला आणि देवघरातली चांदीची पळी आणून तिनं पळीपळीनं पाणी घालायला सुरुवात केली. एक पळी मुरली की दुसरी. या वेळीही तेवढंच पाणी घातलं, पण परात कोरडी राहिली.

“चांगला टॉवेलसुद्धा एकदम घातलं की सोडून देतो,” ती म्हणाली. “महिनाभर सगळ्यांनी यांच्यावर तांबे ओतलेत.”

आत्या परातीशी खाली बसली. तिनं टॉवेलवर तळहात ठेवला. मग म्हणाली ते इतक्या बारीक आवाजात की मला वाटलं, दुसरंच कुणी बोललं.

“म्हणजे मी याला लहानपणी एवढं खायला घालत होते, ते सगळं वाहूनच गेलं म्हणायचं.”

वैजयंतीनं पळी परातीत ठेवली.

“दोन वर्षांचं आणलं होतं मी याला. दिवसभर खायला घालायची. पण अंगावर चढेल तर शपथ! समोरची भागीरथी पाणवठ्यावर सगळ्यांना सांगायची, अंबू स्वतःच्या पोरींना दूध देते आणि भावाच्या बिनआईच्या पोराला ताक. मग मी याला ओट्यावर बसवून भरवायला लागले. सगळ्यांना दिसेल असं. दूधभाताची वाटी अशी उंच धरून.” तिनं रिकामा हात वर धरून दाखवला. “एक घास जास्तच जायचा रे तुला. दोन जास्तच जायचे.”

मला ते ओट्यावरचं भरवणं आठवत होतं. वाटी एवढी उंच का धरते, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आणि मघाशी दार का लागलं तेही आता कळलं. मी पुन्हा विहिरीकडे जायचं निमित्त शोधू लागलो, या वेळी खरोखर विहिरीकडे.

“आत्या,” वैजयंती म्हणाली. आता तिचा आवाज वर्गातला नव्हता. “वाहून गेलं असतं तर हा माणूस उभा कशावर राहिला असता? कॉलेज कशावर झालं? सायकलवरून कऱ्हाड ते ओगलेवाडी रोज कशावर जातात? कुणाचं खाल्लेलं अंगावर दिसतं, कुणाचं दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे लागत नाही असं नाही. तुम्ही घातलेलं सगळं आत गेलंय. कुठं जाणार ते?”

आत्यानं पदरानं नाक पुसलं. मग एकदम उठून कडक आवाजात विचारलं, “साखर किती?”

“लिटरभर तांब्याला चहाचे सपाट सहा चमचे. पाणी उकळून गार केलेलं. मीठ अर्धा चमचाच. चव डोळ्यातल्या पाण्याइतकी खारट लागली पाहिजे, त्याहून जास्त नाही.”

“ते मला बरोबर कळेल,” आत्या म्हणाली.

ती दुपार मी माजघरात आडवा पडून काढली. आत्या उशाशी तांब्या घेऊन बसली होती आणि चमचा बाजूला सारून देवघरातल्या त्याच पळीनं मला पाणी पाजत होती. मी घाई केली की पळी मागे घ्यायची. “हळू. मुरू दे आधी.” आणि पलीकडे वैजयंती पानावर बसली होती. तिनं तिचं पान स्वच्छ केलं, मग पाट ओढून माझ्या पानावर बसली आणि तेही स्वच्छ केलं. तूप, पुरण, अळू, कुरडईचा शेवटचा तुकडासुद्धा. आत्या मला पाजता पाजता तिच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

“गुडघे कसे आहेत?” निघताना मी भीत भीत विचारलं.

“गुडघ्यांना काय धाड भरलीय?” आत्या म्हणाली.

पुढच्या दोन दिवसांत मी बरा झालो. केळवणं मात्र थांबली नव्हती. ‘याच्या पोटाला सांभाळून’ अशी वर्दी सगळीकडे गेली, त्यामुळे उरलेल्या घरांतला माझा वाटा वैजयंतीच्या पानात पडू लागला. मसूरला तिनं दोन पानं जेवल्याची कीर्ती तिच्या आधी पोचलेली असायची. ‘नको’ म्हटलं की लाजते म्हणून आणखी दोन. व्हायचं तेच झालं. लग्नाच्या दिवशी मी खडखडीत आणि अंतरपाटाच्या पलीकडे नवरी पांढरीफटक. आत्याचं ते हिरवं लुगडं निऱ्या घालून नेसली होती आणि मुंडावळ्यांआड डोळे मिटून उभी होती.

मंगलाष्टकं सुरू झाली. आत्या माझ्यामागे होती. पहिल्या अष्टकाला तिचा हात माझ्या पाठीवर होता, दुसऱ्याला तो नव्हता. वळून बघायची सोय नाही. कडेनं पाहिलं तर आत्या अंतरपाटाला वळसा घालून पलीकडे पोचली होती. एका हातात तांब्या आणि एका हातात चांदीची पळी. ‘सावधान’ झालं की एक पळी नवरीच्या तोंडात, पुढचं ‘सावधान’ झालं की दुसरी.

आता चांदीची पळी, तांब्या आणि पिवळं पातळ नेसलेली वयस्क बाई हे पाहून आपली माणसं काय समजणार? वैजयंतीच्या मामांनी मुकाट उजव्या हाताचा तळवा पुढे केला. आत्या क्षणभर थांबली आणि तिनं त्यांनाही एक पळी दिली. मामांनी ते भक्तिभावानं प्राशन केलं, हात डोक्यावरून फिरवला आणि शेजारच्याला म्हणाले, “वेगळंच आहे, पण गोड आहे.” मग रांगच लागली. अक्षता एका हातात आणि दुसरा हात पुढे, असा अर्धा मांडव साखर-मिठाचं पाणी पिऊन पावन झाला.

रांगेत भागीरथीकाकू होत्या. त्यांनी तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं आणि सवयीनं म्हणाल्या, “पण पोरगा तसाच राहिला गं अंबू. काडीच्या काडी.”

अंतरपाट नुकताच खाली गेला होता. वाजंत्री थांबली होती. आत्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

“काडी दिसतो,” ती म्हणाली. “पण मी घातलेला एक एक घास त्याच्या अंगी लागलाय. विचार हिला, शास्त्र शिकलीय ती.”

नवरीनं हातातला हार सावरत, पांढऱ्या चेहऱ्यानंच, जोरजोरात मान हलवली.

भागीरथीकाकूंनी काही बोलायला तोंड उघडलं. आत्यानं पळी पुन्हा भरली.

“घे, आणखी एक घे. तुलाही हळूहळूच दिलं पाहिजे. एकदम दिलं की वाहून जातं.”

काकूंनी मुकाट्यानं तळवा पुढे केला.